जीन जागेवरच होता, हलला होता रेफरन्स

हायपॉक्सियाचा, म्हणजे कमी ऑक्सिजनचा, प्रयोग चालू होता. सेल्स 24 तास 1 टक्का ऑक्सिजनमध्ये ठेवायच्या आणि मग आरएनए काढून बघायचं आमचा जीन किती बदलला. त्या दिवशी क्यूपीसीआरचा (जीनचा आरएनए किती आहे ते मोजायची पद्धत) रन संपला आणि शीटमध्ये नेहमीच्या ऑक्सिजनमधल्या कंट्रोलच्या तुलनेत आकडा आला 0.41, म्हणजे जीन जवळपास 60 टक्के खाली. तिन्ही रिपीटमध्ये तेच. सर म्हणाले, फिगर बनवायला घे.

मला काही चैन पडेना. शीट थेट फोल्ड चेंज, म्हणजे कंट्रोलच्या किती पट, हातात देते त्यामुळे कच्चे सीटी (सिग्नल दिसायला किती सायकल लागल्या ते आकडे) कोणी उघडून बघतच नाही, मी उघडले. आमच्या जीनचा सीटी कंट्रोलमध्ये 24.1 आणि हायपॉक्सियातही 24.1! दोन्हीकडे आरएनए सारखाच घातला होता, 1 मायक्रोग्राम. हलला होता तो आमचा रेफरन्स जीन जीएपीडीएच, 17.2 वरून 15.9 वर. सीटी उतरला म्हणजे माल वाढला, 1.3 सीटी म्हणजे जवळजवळ अडीच पट, म्हणजे ज्याला स्थिर धरून आम्ही बाकीचं मोजत होतो तोच वर चढला आणि त्याच्यामुळे आमचा जीन खाली गेलेला दिसला.

खरं तर हे आधीच सुचायला हवं होतं. जीएपीडीएच ग्लायकोलिसिसचा (ऑक्सिजनशिवाय साखर तोडून ऊर्जा मिळवायची वाट) एन्झाइम आहे, ऑक्सिजन कमी पडला की सेलची सगळी भिस्त ग्लायकोलिसिसवर, आणि एचआयएफ-1 हा कमी ऑक्सिजनमध्ये जागा होणारा प्रोटीन त्याचे जीन वाढवतो. डेल्टा डेल्टा सीटीची, म्हणजे रेफरन्सचा सीटी वजा करून फोल्ड चेंज काढायची, पद्धत ज्या पेपरमधून सगळे वापरतात ना, लिव्हाक आणि श्मिटगेनचा 2001 चा, त्यातच दाखवलंय की सीरम दिल्यावर जीएपीडीएच बदलतो आणि बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हा दुसरा जीन जागेवर राहतो. पेपर सगळे साईट करतात पण तो भाग वाचतं कोण, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सरांना कच्चे आकडे दाखवले. बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग एवढंच म्हणाले, "सीडीएनए उरलाय का?" आरएनएपासून बनवलेली ती डीएनए कॉपी उरली होती. संध्याकाळी त्याच सॅम्पलवर आरपीएलपी0 आणि टीबीपी हे दुसरे दोन रेफरन्स जीन लावले, दोघंही कंट्रोल आणि हायपॉक्सियात 0.1 सीटीच्या आत. फोल्ड चेंज आला 1.04.

फिगर काढून टाकली. आता हायपॉक्सियाच्या जुन्या प्लेट्स एकेक करून उघडतोय, पहिल्या चारपैकी तीनमध्ये जीएपीडीएच असाच चढलेला आहे.