मे महिन्यात उपवन तलावावर ओल्या प्लेटचे छायाचित्रण

भर उन्हाळ्यात कलोडियनच्या ओल्या प्लेटवर उघड्यावर काम करता येते का, हे पाहण्यासाठी आम्ही काही मित्र मे महिन्यात ठाण्याच्या उपवन तलावावर गेलो होतो. या पद्धतीत काचेवर किंवा पत्र्यावर कलोडियन, म्हणजे इथर आणि अल्कोहोलमधले चिकट द्रावण, ओततात. मग ती प्लेट सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात (सिल्व्हर बाथ) बुडवून प्रकाशग्राही करतात आणि ओली असतानाच छायाचित्र घेऊन डेव्हलपर या द्रावणाने चित्र उमटवतात. काम करता येते; मात्र थंड हवेच्या देशांत बेतलेली प्रमाणे आणि वेळा जशाच्या तशा पाळून चालत नाही. इंग्रज छायाचित्रकार फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ही पद्धत १८५१ मध्ये प्रसिद्ध केली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा, तेव्हा आपल्या हवेत हे जमत नाही ही सबब तशी लंगडीच आहे. उन्हाळ्यात प्लेट बिघडली की सगळेजण प्रथम सिल्व्हर बाथकडे बोट दाखवतात. माझ्या मते दहापैकी आठ वेळा दोष तापलेल्या डेव्हलपरचा असतो.

जाण्यायेण्याबद्दल आधी सांगतो. इथर आणि स्पिरिट घेऊन लोकलने प्रवास करू नये. ज्वालाग्राही पदार्थ गाडीत नेणे हा रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे आणि गर्दीच्या डब्यात बाटली फुटली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. आम्ही नौपाड्याहून खासगी गाडीने, वर्तकनगरवरून पोखरण रस्ता क्रमांक एकने गेलो. बाटल्या मासळीवाले वापरतात तशा थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांसोबत उभ्या ठेवल्या होत्या. इथर ३४.६ अंशांना उकळते आणि मे महिन्यातली दुपार ठाण्यात तेवढी सहज तापते. म्हणून बंद गाडीत, उन्हात कलोडियनची बाटली कधीही सोडू नये. घरच्या साध्या फ्रिजमध्ये तर ती मुळीच ठेवू नये, कारण थर्मोस्टॅटच्या ठिणगीने आत साठलेली वाफ पेट घेऊ शकते. तलावालगतच्या येऊर डोंगराच्या वनहद्दीत ही रसायने नेण्याचा विचारही करू नये. तलावाच्या काठावरून डोंगर पुरेसा दिसतो.

सकाळी सातच्या सुमारास पहिल्या प्लेटा स्वच्छ आल्या. साडेनऊनंतर मात्र प्रत्येक प्लेटवर राखाडी पडदा चढू लागला, सावल्या काळ्या राहीनात आणि एरवी पंधरा सेकंदांत उमटणारे चित्र सहा-सात सेकंदांतच उमटून धुरकट होऊ लागले. अशा वेळी दिसेल ते बदलत सुटण्यापेक्षा एक साधी परीक्षा घ्यावी. कलोडियन ओतून बाथमध्ये बुडवलेली प्लेट कॅमेऱ्यात न नेता तशीच डेव्हलप करावी. ती फिक्स केल्यावर (म्हणजे प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार विरघळवून काढल्यावर) काळीभोर निघाली तर रसायने ठीक आहेत आणि दोष प्रकाशगळतीचा किंवा जादा एक्स्पोजरचा आहे. राखाडी निघाली तर रसायनांत काहीतरी बिघडले आहे. आमची राखाडी निघाली. मग बाथ तोच ठेवून फक्त डेव्हलपर बर्फात अठरा-वीस अंशांपर्यंत गार केला आणि पुढची कोरी प्लेट काळी आली.

त्यानंतर डेव्हलपरचे प्रमाणही बदलले. नेहमी ३५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात आम्ही १५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) घालतो, ते १० ग्रॅमवर आणले आणि ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १५ मिलिलिटरवरून २० केले. लोह कमी झाल्याने क्रिया मंदावते, ॲसिडामुळे धुके रोखले जाते आणि हात चालवायला पुन्हा पुरेसे सेकंद मिळतात. एकेका प्लेटपुरता डेव्हलपर लहान बाटल्यांत भरून न्यावा, कारण पेल्यात ओतून ठेवलेला काही मिनिटांतच हवेइतका तापतो. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे चांदीचा साका बसतो, तेव्हा डेव्हलपर आणि बाथ यांना डिस्टिल्ड पाणीच हवे. धुण्यासाठी नळाचे चालेल.

बाथ फार गार करण्याची गरज नाही, तो सावलीत असला म्हणजे पुरे. पीएच चारच्या आसपास आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे आणि वर गेला असल्यास थेंबथेंब नायट्रिक ॲसिड घालून खाली आणावा. मात्र हात सैल सोडल्यास प्लेट मंद होते. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण सिल्व्हर नायट्रेटचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकते.

खरी कसरत कलोडियन ओतताना होते. थंडीत ते काचेवर चारही कोपऱ्यांपर्यंत सावकाश फिरवता येते. उन्हाळ्यात शेवटच्या कोपऱ्यातून जादा कलोडियन बाटलीत निथळेपर्यंत पहिला कोपरा वाळू लागतो, तिथली चकाकी जाते आणि वाळलेला भाग चांदी नीट घेत नसल्याने तिथे निळसर, निर्जीव पट्टा उमटतो. त्यावर उपाय असा, की कलोडियनमध्ये इथरच्या तुलनेत अल्कोहोलचे प्रमाण वाढवावे, गाडीच्या आडोशाला, वारा लागणार नाही असे उभे राहून ओतावे आणि खालच्या कोपऱ्याला बोट लावल्यावर ठसा उमटू लागताच, एक क्षणही न दवडता, प्लेट बाथमध्ये सोडावी. बाथमधून काढताना पृष्ठभागावर तेलकट ओघळ दिसले तर ती आणखी थोडा वेळ बुडवून ठेवावी. उन्हात राहिलेले कलोडियन लवकर लालसर आणि मंद होते. कॅडमियम क्षार घातलेले कलोडियन अमोनियमचे क्षार घातलेल्यापेक्षा जास्त टिकते, पण कॅडमियम विषारी असल्यामुळे हातमोजे घालूनच ते हाताळावे.

बाथमधून निघालेल्या प्लेटला अशा हवेत जेमतेम पाच मिनिटांचे आयुष्य असते, त्यानंतर कडेने नकाशासारखे डाग पडू लागतात. होल्डरच्या (प्लेट कॅमेऱ्यात बसवायच्या खोक्याच्या) मागच्या बाजूला ओला टीपकागद लावावा, त्यावर ओले फडके टाकावे आणि कॅमेरा डार्कबॉक्सपासून (प्लेट अंधारात हाताळायच्या पेटीपासून) चार पावलांवर ठेवून चौकट व फोकस आधीच पक्के करावे.

येऊरचा डोंगर तलावाच्या पश्चिमेला असल्यामुळे सकाळचे ऊन त्याच्या अंगावर थेट पडते आणि संध्याकाळी प्रकाश लवकर ढळतो, म्हणून सकाळच सोयीची. कलोडियनला निळा आणि अतिनील प्रकाशच दिसतो. फिरायला आलेल्या एका आजोबांनी हौसेने पाच सेकंद स्तब्ध बसून टिनटाइप (काळ्या पत्र्यावरचे छायाचित्र) काढून घेतला, तेव्हा त्यांच्या कपाळावरचे केशरी गंध कोळशासारखे काळे आले. ‘‘अरे, हे बुक्का लावलाय असं दिसतंय,’’ असे ते म्हणाले आणि तरीही प्लेट मागू लागले.

ती लगेच देता येत नव्हती, कारण वॉर्निश घरीच करावे लागते. दमट हवेत प्लेट वरवर कोरडी दिसली तरी आत ओल राहते आणि सँडरॅक या राळेचे वॉर्निश त्यावर दुधाळ होते. म्हणून ते ओतण्यापूर्वी प्लेट मंद आचेवर पूर्ण वाळवावी, आणि तेव्हा इथरची एकही बाटली त्या खोलीत नसावी. वापरलेला डेव्हलपर, हायपो (फिक्स करण्याचे द्रावण) आणि पहिले धुणे हे सर्व कॅनमध्ये भरून परत आणावे. तलावात किंवा गटारात त्यातले काहीही ओतू नये.