मेक्सिकन ट्रेन: डबल कधी टाकावा?
मेक्सिकन ट्रेन हा डॉमिनोचा खेळ. त्याच्या डबल-बाराच्या (0-0 ते 12-12) संचात 91 ठोकळे असतात. चौघांपर्यंत प्रत्येकी 15 वाटा, सात-आठ जण असतील तर 10. मधोमध 12-12 हा डबल (दोन्ही बाजूंना सारखाच आकडा असलेला ठोकळा) ठेवून पहिला डाव सुरू. पुढचा 11-11 ने, असे 0-0 पर्यंत 13 डाव.

प्रत्येकाची गाडी (मधल्या ठोकळ्यापासून आकडे जुळवत लावलेली रांग) वेगळी, मेक्सिकन ट्रेन नावाची गाडी मात्र सगळ्यांची. लावायला काही नसेल तर एक ठोकळा उचला. तोही बसला नाही, तर आपल्या गाडीवर नाणं ठेवा. ती सगळ्यांना खुली झाली.

भांडणं होतात ती डबलवरून. 7-7 टाकलात की लगेच त्याला सातचा ठोकळा जोडायचा. नसेल, तर तो मिटेपर्यंत बाकीच्या गाड्या सगळ्यांनाच बंद. त्यामुळे जोड हातात असतानाच डबल टाकणं उत्तम. पण फार दडवूही नका: हातात उरलेल्या ठोकळ्यांवरचे ठिपके गुणांत धरतात, आणि कमी गुणवालाच जिंकतो.