फॉर्म बी, उंदीर आणि दौऱ्यावर गेलेले साहेब

यकृताला सारखी इजा होत राहिली की टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन तिथल्या स्टेलेट पेशींना कामाला लावतं. एरवी 'अ' जीवनसत्त्व साठवून गप्प बसणाऱ्या या पेशी मग कोलॅजन ओतत सुटतात, यकृत घट्ट होत जातं. फायब्रोसिस तो हाच. टीजीएफ-बीटाला आवरायचं, हा माझा पीएचडीचा विषय. गाईड चांगल्या मिळाल्या, पाषाणला खोलीही मिळाली. घोडं अडलं उंदरांच्या परवानगीपाशी.

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला फॉर्म बी द्यावा लागतो. त्यातला 'इतके प्राणी कशासाठी?' हा रकाना जीव खातो. सगळे गटात आठ घेतात म्हणून आम्हीही आठ, हे चालत नाही. संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाला आधीच गाठा. तुलनेसाठी औषधाविना नुसतं तेल टोचायचा गटही मोजणीत येतो.

खरा वैताग पुढे. सीसीएसईए, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती, तिने नेमलेले सदस्य हजर नसतील तर बैठक होत नाही. आमची तारीख ठरायची आणि आदल्या संध्याकाळी मेल यायचा, पुढे ढकलली. कारण द्यायची पद्धत नाही. इकडे फ्रीझरमधल्या औषधाची मुदत संपत आलेली, फेलोशिपचे महिने सरताहेत, आणि मी ऑफिसच्या दारात, "काही कळलं का हो?" कारकून काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, "मॅडम, साहेब दौऱ्यावर आहेत." पुढच्या वेळीही दौराच! समिती हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. उंदराला आठवड्यातून दोनदा कार्बन टेट्राक्लोराइड टोचून त्याचं यकृत मुद्दाम बिघडवायचं, तर जाब विचारणारं कुणीतरी असलंच पाहिजे. पण त्या माणसाने यावं तरी!

अखेर बैठक झाली. समितीतल्या पशुवैद्य बाईंनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "सेलोनसर्टिब हे यकृताच्या फायब्रोसिसवरचं औषध 2019मध्ये माणसांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात आपटलं. मग तुमच्यासाठी उंदीर का मारायचे?" मी सांगितलं, ते एएसके-1 हे दुसरंच प्रथिन अडवत होतं. टीजीएफ-बीटा शरीरभर बंद केलं तर प्रतिकारशक्ती बिथरते, म्हणून आम्ही त्याला हात न लावता, त्याला सुप्तावस्थेतून मोकळं करणारं इंटिग्रिन नावाचं प्रथिन रोखतोय. बाईंनी मान डोलावली. मला आतून केवढा आनंद! मंजुरी मिळाली, अट एक: वजन वीस टक्के घटलं की त्या उंदराचा प्रयोग तिथेच थांबवायचा. ही अट तुम्हीच फॉर्ममध्ये घाला, एक प्रश्न वाचतो.

आणि हो, उंदीर नोंदणीकृत पैदास केंद्रातूनच घ्यावे लागतात, तिथेही रांग असते. मंजुरीची वाट न बघता आधी बोलून ठेवा. आल्यावर त्यांना रुळायला आठवडाभर द्यावा लागतो, तोही वेळापत्रकात धरा.