इंग्रजांच्या पदकाचं काय एवढं कौतुक?

तोपखान्यातून निवृत्त होऊन नाशिकरोडला घर केलं, तेव्हापासून पंधरा ऑगस्ट जवळ आला की शाळांची बोलावणी येतात. मी दरवेळी एकच गोष्ट सांगतो, व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलेल्या शिपाई नामदेव जाधव यांची. आणि कार्यक्रमानंतर चहा घेताना कुणीतरी हटकून विचारतंच, "फौजी, परमवीर चक्रवाले एवढे असताना हा इंग्रजांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचा माणूस का धरून बसलात?" आमच्या जॉगिंग ट्रॅकवरचे एक गुरुजी तर महिन्यातून एकदा विचारतात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एक कारण साधं आहे, माणूस शेजारचा. निमज हे त्यांचं गाव संगमनेर तालुक्यातलं. पुण्याची एसटी सिन्नर सोडून संगमनेरात शिरते, तेव्हा खिडकीशी बसलेल्या किती जणांना हे ठाऊक असतं?

दुसरं कारण त्या बांधाचं.

दुसरं महायुद्ध, आपले जवान इंग्रजांच्या फौजेतून जर्मनांशी लढत होते. ९ एप्रिल १९४५ची संध्याकाळ, इटलीतली सेनिओ नदी. नदी आपली म्हणायची. पात्र जेमतेम पंधरा फूट. पावसाळ्यात आपली नासर्डीसुद्धा याहून ऐसपैस वाहते. पण दोन्ही काठांना तीस-पस्तीस फुटांचे उभे बांध, तीन मजली इमारतीएवढे, आणि जर्मनांनी ते घुशींसारखे पोखरलेले. पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंग पेरलेले. मराठा लाइट इन्फन्ट्रीची कंपनी पाणी ओलांडून पलीकडे निघाली, तर ज्या बांधावरून उतरली त्याच बांधात दडलेल्या तीन मोर्च्यांनी मागून गोळ्यांचा पाऊस पाडला. कंपनी कमांडर आणि दोघे जखमी झाले. त्या तुकडीतले बाकी सगळे गेले, राहिले एकटे नामदेव. वय तेवीस. काम रनरचं, म्हणजे निरोप पोचवायचं.

त्यांनी एका जखमीला उचललं, पाण्यातून आणलं, सुरुंगांमधून बांध चढून पलीकडे सुखरूप ठेवलं. मग परत खाली उतरून दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा बांध ओलांडला तो मोर्च्यांवर धावून जायला. पहिला मोर्चा टॉमी गननं गार केला. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तर ती फेकून ग्रेनेड घेतले आणि उरलेले दोन्ही मोर्चे संपवले. मध्ये ग्रेनेड कमी पडले, तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या जवानांकडून आणखी घेतले. शेवटी उखळी तोफांचा मारा चालू असताना माथ्यावर उघडे उभे राहून मराठ्यांची रणगर्जना दिली आणि थांबलेल्या कंपन्यांना हात करून बोलावलं.

मुलं टाळ्या वाजवतात त्या ग्रेनेडला. मी मात्र दुसऱ्या खेपेत अडकतो. मी रिक्रूटांचा उस्ताद होतो. जोडीदाराला पाठीवर टाकून पळवायचो. सपाट मैदानावर शंभर मीटरांत भल्याभल्यांचे पाय लटपटतात. एका शाळेत मी आठवीच्या एका दांडग्या पोराला मित्र पाठीवर घेऊन तीन मजले चढायला लावलं. दुसऱ्या मजल्यावर त्यानं कठडा धरला, वर पोचला आणि फरशीवर बसला. म्हटलं, "आता खाली जा, दुसरा आण." वर्ग हसला, तो नाही हसला. (मुख्याध्यापिकाबाईही नाही हसल्या. पुढच्या वर्षी त्या शाळेचं बोलावणं आलं नाही.) पहिल्या खेपेला माणसाला विचार करायला वेळ नसतो हो. दुसऱ्या खेपेला वाटेत काय काय आहे ते सगळं माहीत असतं.

राहिला इंग्रजांचा मुद्दा. पदक त्यांचं, लढाई त्यांची, मान्य. पण पाठीवर काही इंग्लंडचा राजा नव्हता. त्याच संध्याकाळी, त्याच सेनिओवर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या शिपाई अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दोन वर्षांनी फाळणी झाली आणि ते पाकिस्तानचे झाले. आता हिशेब कुणाच्या वहीत मांडायचा ते तुम्हीच ठरवा, मला तो जमत नाही. नामदेवराव १९८४ला पुण्यात गेले.

हे सगळं गुरुजींना ट्रॅकवर दोन फेऱ्या मारता मारता सांगितलं. ते काही पटल्यासारखे दिसले नाहीत. परवा मात्र लांबून हाक मारून थांबवलं.

"फौजी, त्या नदीला पाणी किती होतं?"

"चार-पाच फूट, गुरुजी. छातीपर्यंत."

"आणि एप्रिल म्हणजे तिकडे थंडच असेल," म्हणाले आणि चालू लागले.