थ्रॉटल हवाच, पण अंगठ्याचा

ई-सायकलला थ्रॉटल, म्हणजे आपण ज्याला एक्सलेटर म्हणतो तो, नकोच असं बरेच जण म्हणतात. मला तो हवाच वाटतो, का ते सांगायला आधी बाबांचं सांगते. आमच्या बिल्डिंगचं पार्किंग खाली बेसमेंटमध्ये आहे आणि वर यायचा रॅम्प चांगलाच चढाचा आहे. बाबा 68 वर्षांचे, आयुष्यभर स्कूटर चालवलेला माणूस, त्या दिवशी माझी ई-सायकल घेऊन दूध आणायला निघाले होते. चावी चालू, सायकल हाताने ढकलत रॅम्प चढत होते. ढकलताना उजव्या हाताची मूठ घट्ट धरली जाते ना, आणि माझ्या सायकलला तेव्हा स्कूटरसारखा मुठीचा थ्रॉटल होता. मूठ थोडीशी फिरली आणि सायकल एकदम पुढे धावली. आता तोल जायला लागला की कुठलाही माणूस हातातलं आणखी घट्ट धरतो, सोडत नाही, तेच बाबांनी केलं आणि मूठ आणखी फिरली. सायकल खांबाला, बाबा जमिनीवर. नशीब की कोपर सोलवटण्यावर आणि गुडघ्याला मुका मार लागण्यावर निभावलं.

मी इतकी घाबरले की त्याच संध्याकाळी मेकॅनिकला फोन करून सांगितलं, थ्रॉटल काढूनच टाका, नुसतं पॅडल असिस्ट राहू दे, म्हणजे पॅडल मारलं तरच मोटर मदत करेल. तो म्हणाला रविवारी आणा.

रविवार यायच्या आधीच गुरुवारी ऑफिसमधून येताना दुसरा प्रकार झाला. मी पुण्यात एरंडवण्यातून बावधनला येते, म्हणजे पौड रोडने कोथरूड डेपो मागे टाकला की चांदणी चौकापर्यंत सगळा चढच. पावसाची भुरभुर चालू होती, भुसारी कॉलनीच्या अलीकडे मोटर अचानक गप्प. डिस्प्लेवर बॅटरीच्या तीन काड्या दिसतायत, मी पॅडल मारतेय, पण मदत शून्य. बॅटरी धरून वीस-बावीस किलोची सायकल, मागून पीएमटीची बस हॉर्न देतेय, कडेला चिखल. काही सुचेना म्हणून थ्रॉटल हळूच फिरवला तर मोटर लगेच चालू! मग तसंच थोडं थ्रॉटल थोडं पॅडल करत घरी पोचले. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने सायकल आडवी करून दाखवलं. पॅडलच्या दांड्यावर एक छोटी प्लॅस्टिकची चकती असते, तिच्यावर ओळीने बारीक लोहचुंबक बसवलेले असतात आणि शेजारी एक सेन्सर. ती चकती तडकून सरकली होती, त्यामुळे पॅडल फिरतंय हे सायकलला कळतच नव्हतं. म्हणजे मी ज्याला सेफ म्हणत होते तोच भाग आधी गेला आणि जो काढायला निघाले होते त्याने घरी आणलं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागेच लागलेय.

थ्रॉटल नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो, उगाच नाही म्हणत ते. युरोपात नियमच आहे की 250 वॅटची मोटर, पॅडल मारताना ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मदत, पाय थांबले की मोटर बंद. थ्रॉटलसारखं चालतं ते फक्त सायकल ढकलताना, तेही ताशी 6 किलोमीटरपर्यंत. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत थ्रॉटलवाल्यांचा वेगळा क्लासच आहे, क्लास 2, ताशी 20 मैलांपर्यंत. आपल्याकडे मोटर 250 वॅटच्या आत, स्पीड 25 च्या आत आणि टेस्टिंग एजन्सीने पास केलेली असेल तर थ्रॉटल असला तरी ती मोटर वाहन धरली जात नाही, लायसन्स नको आणि नंबरप्लेट नको.

पण तिकडचा नियम इकडे जसाच्या तसा लावा म्हणणारे एक गोष्ट विसरतात. तिकडच्या चांगल्या सायकलींना टॉर्क सेन्सर असतो, त्याला तुम्ही पॅडल किती जोराने दाबलंय ते कळतं आणि पाय दाबल्या दाबल्या मोटर मदतीला येते. आपल्याकडच्या स्वस्त सायकलींना ती चुंबकाची चकती. तिला फक्त पॅडल फिरतंय की नाही एवढंच कळतं. त्यामुळे चढावर सिग्नल सुटला की पहिलं अर्धं फिरणं निव्वळ तुमच्या पायांवर, सायकल डगमगते, मागचे रिक्षावाले दोन्ही बाजूंनी घुसतात, आणि मग एकदम गचका देऊन मोटर सुरू होते. गर्दीत उलटं, पाय थांबवले तरी क्षणभर सायकल पुढे ढकलतच राहते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तर तो पहिला अर्धा फेराच जमत नाही, तिथे अंगठ्याने जरासा थ्रॉटल दिला की सायकल सरळ रेषेत निघते. मला विचाराल तर आपल्या रस्त्यांवर चौकातून पटकन आणि न डगमगता निघता येणं हीच मोठी सेफ्टी आहे.

बरं, थ्रॉटल बिघडत नाही का? बिघडतो, पावसात तर हमखास. आत एक चुंबक आणि तो किती सरकला ते ओळखणारा हॉल सेन्सर असतो आणि तीन वायरी, एक 5 व्होल्टची, एक ग्राउंड, एक सिग्नलची. मेकॅनिकने मल्टीमीटर लावून दाखवलं, सोडलेला असताना साधारण 0.8 व्होल्ट आणि पूर्ण दाबला की 4 च्या आसपास. माझ्या जुन्या थ्रॉटलच्या कनेक्टरमध्ये पाणी जाऊन ग्राउंडच्या पिनवर हिरवा गंज चढला होता. ती वायर सुटली की सिग्नल वर चढतो आणि कंट्रोलरला, म्हणजे मोटरला किती पॉवर द्यायची ते ठरवणाऱ्या डबीला, वाटतं की फुल एक्सलेटर दिलाय! हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. चांगला कंट्रोलर सिग्नल हद्दीबाहेर गेला की मोटर बंद करतो, आणि चालू करतानाच थ्रॉटल दाबलेला असेल तर सुरूच होत नाही, पण स्वस्तातल्या सगळ्यांत ही सोय असतेच असं नाही. म्हणून ब्रेकच्या दांडीतला कट-ऑफ स्विच सगळ्यात महत्त्वाचा, ब्रेक जरा दाबला की मोटरची पॉवर तुटली पाहिजे, मग थ्रॉटल काहीही म्हणो. माझ्या उजव्या ब्रेकचा स्विच कधी मेला होता मला माहीतच नव्हतं, कारण ब्रेक तर लागत होता.

शेवटी थ्रॉटल काढला नाही, बदलला. आता अंगठ्याने दाबायचा छोटा खटका आहे, मूठ घट्ट धरली तरी तो दाबला जात नाही, सोडला की लगेच मागे येतो. चकती नवी, दोन्ही ब्रेकचे स्विच नवे, कनेक्टर वॉटरप्रूफ. बाबांना सांगून ठेवलंय की ढकलताना चावी बंद, आणि ते ऐकतातही. एक मात्र खरं, नुसत्या थ्रॉटलवर चालवली तर बॅटरी फार लवकर उतरते, त्यामुळे सरळ रस्त्यावर मी पॅडलच मारते.

आणि स्पीड लिमिटची वायर कापून देणारे लोक आहेत, प्लीज त्यांच्या नादी लागू नका. 25 च्या वर गेलात की ती कायद्याने सायकल राहत नाही आणि तिचे ब्रेकही त्या स्पीडसाठी नसतात.

समोरच्या काकूंना ई-सायकल घ्यायचीय. त्यांना म्हटलंय की दुकानदाराला मागचं चाक उचलून धरायला सांगायचं, थ्रॉटल दाबून चाक फिरवायचं आणि मग एकेक ब्रेक हलकाच दाबून मोटर दोन्हींनी बंद होते का बघायचं. मग चावी बंद करायची, थ्रॉटल दाबून धरून पुन्हा चालू करायची, चाक अजिबात हलता कामा नये. काकू म्हणाल्या, अगं दुकानदार हसेल. म्हटलं हसू दे, मी येते ना बरोबर. शनिवारी अकरा वाजता जातोय आम्ही दोघी.