आमची वाटचाल: माहीमच्या पायापासून काचेच्या जारपर्यंत

सगळ्यात आधी एक क्लिअर करते, लोक इन्स्टावर रील बघून घरात मेणबत्त्या करायला लागले त्याच्या खूप आधीपासून आमच्या घरात मेण वितळतंय. सासूबाईंनी माटुंगा रोडच्या खोलीत सुरू केलं, दोन स्टोव्ह, एक जाड बुडाचं पातेलं आणि अॅल्युमिनियमचा हाताचा साचा. त्याच्यावर वात गुंडाळायची, आतून तेलाचा हात फिरवायचा, क्लॅम्प आवळायचे, मेण ओतायचं, साचा पाण्यात ठेवायचा आणि थंड झाला की उघडून वाती कापायच्या. तो साचा आजही चालू आहे, त्याचा एक अर्धा भाग थोडा वाकलाय पण नवीन मिळतात त्यांचा पत्रा बघा, हातात घेतला तरी कळतं.

आमचा मेन माल म्हणजे माहीमच्या सेंट मायकल चर्चबाहेर विकतात ते नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं. बुधवारची नोव्हेना, म्हणजे नऊ बुधवार करायची प्रार्थना, 1948 पासून आहे, दर बुधवारी गर्दी, आणि सप्टेंबरात बांद्र्याला माउंट मेरीची जत्रा म्हणजे आमची दिवाळी. तिथे स्टॉल लावणारी एक मावशी, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईतलीच मूळची ख्रिश्चन, सासूबाईंपासूनची गिऱ्हाईक. ती माल नुसता मोजून घेत नाही, एकेक पाय उजेडात धरून बघते. "काय गो, अंगठा कुठं गेला याचा? नवसाला असला पाय कोन घेल?" आणि सरळ परत. तिच्यामुळे मला कळलं की मेण थोडं जास्त गरम असताना ओतलं तर बोटांच्या टोकापर्यंत जातं, आणि साचा गार असेल तर अंगठा हमखास अर्धाच येतो. पैसे मात्र कधी उधार नाही, पदराच्या गाठीतून रोख.

मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग मार्च 2020. चर्च बंद, नोव्हेना बंद, सप्टेंबरची जत्रा पण रद्द, आणि घरात पॅराफिनच्या, म्हणजे पेट्रोलियमपासूनच्या नेहमीच्या मेणाच्या, लाद्यांची पोती छतापर्यंत. 12 ऑक्टोबरला अख्ख्या मुंबईची लाइट गेली, लोकल थांबल्या, तेव्हा आजूबाजूच्या बिल्डिंगवाले साध्या पांढऱ्या मेणबत्त्यांसाठी दारात उभे, एवढंच काय ते त्या वर्षी सुख. मुलगी म्हणाली आई आता सोय वॅक्सचे, म्हणजे सोयाबीन तेलाच्या मेणाचे, सेंटेड जार कर, लोक घरी बसलेत, घरात वास हवाय त्यांना. केले.

तेव्हाच आमच्याच गल्लीतली एक बाई शिकायला यायला लागली. ताई ताई करत. मी तिला सगळं दाखवलं, म्हणजे अक्षरशः सगळं. मेणाचं पातेलं थेट गॅसवर नाही, पाण्याच्या पातेल्यात ठेवायचं. थर्मामीटर लावायचा, अंदाजपंचे नाही, प्रिन्सेस स्ट्रीटला चांगला मिळतो. सेंट किलोला 60 ते 80 ग्रॅम, वजन करून, चमच्याने नाही. जारची रुंदी बघून वात निवडायची, बारीक पडली तर मधे बोगदा होतो आणि कडेचं मेण तसंच राहतं, जाड झाली तर काजळी. सोयचा जार ओतून आठवडा दोन आठवडे ठेवला की मग वास नीट सुटतो. ती निम्मी पार्टनर झाली, पॅकिंग बघायची, अब्दुल रहमान स्ट्रीटवरून बॉक्स आणायची, गिऱ्हाइकांचे मेसेज पण तीच बघायची. इथेच सगळं आलं.

2021च्या पावसाळ्यात एक दिवस फोन, ताई मी आता माझं वेगळं करते. कर ना बाई, कोणी अडवलंय! पण माझीच गिऱ्हाइकं, माझाच काचवाला, माझाच मोगरा आणि चंदनचा रेशो, आणि रेट निम्मा. लेबलवर '100 टक्के सोय'. आता ज्याने एकदा तरी मेण हातात घेतलंय त्याला कळतं, जारसाठीचं सोय मऊ असतं, रंग टाकला की वर पांढुरकी बुरशीसारखी झाक येते, त्याला फ्रॉस्टिंग म्हणतात, ते खराब नसतं. हिचे जार आरशासारखे गुळगुळीत आणि वर हिने पिलर, म्हणजे जारशिवाय उभ्या राहणाऱ्या जाड मेणबत्त्या, पण 'प्युअर सोय' म्हणून काढले! जारच्या सोयचा पिलर मुंबईच्या उकाड्यात उभा राहतो का? पॅराफिन विकायला माझा विरोध नाही, माझं घर पॅराफिनवर चाललंय, पण पॅराफिन म्हणून विका ना. दादरच्या एका प्रदर्शनात हिचा स्टॉल माझ्या बरोबर समोर, लोक माझ्याकडे वास घ्यायचे आणि तिच्याकडे पैसे द्यायचे. दिवाळीची एका कंपनीची गिफ्टची ऑर्डर, जवळजवळ फायनल झालेली, ती पण तिकडे. जार आणून ठेवलेले, पैसे अडकले, नवरा म्हणाला बंद करूया आणि मी पण साचे विकायला काढले होते, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी 7 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, देवळं चर्च परत उघडली आणि मावशी आदल्याच संध्याकाळी दारात. पूर्ण अॅडव्हान्स हातात ठेवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि म्हणाली, "साचे विकतस? मग मी काय चायनाचे पाय विकू?" त्या पैशात काचवाल्याचं देणं फिटलं. 2022ला माउंट मेरीची जत्रा भरली तेव्हा रात्र रात्र ओतत होतो आम्ही.

समोरच्या बाईंचं अजून चालू आहे, रील्सना लाइक्स पण भरपूर. तिची गिऱ्हाइकं मला फोटो पाठवतात, ताई हे मधेच का विझतं. फुकट सांगते मी. पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण कडेपर्यंत वितळू द्या, मगच विझवा, नाहीतर तो जार कायम मधेच खड्डा करतो. आणि वात दर वेळी पाव इंचाला कापा. रंगासाठी मुलांचे क्रेयॉन टाकू नका, वात चोंदते. उरलेलं मेण सिंकमध्ये ओतू नका, पाइप जाम झाला की खालचे मजलेवाले शिव्या देतात. आणि मेणाने पेट घेतला तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद आणि वर झाकण. यूट्यूबवर हे शेवटी सांगतात, मी पहिल्या दिवशी सांगते.

आता अर्धं घर पाय आणि हातांचं, अर्धं जारचं. लेबल मुलगी बनवते, त्यावर जे मेण आहे तेच लिहिलेलं असतं. जत्रेच्या ऑर्डरी जुलैपर्यंत द्या, नंतर मावशीचाच माल चालू असतो. आणि मे महिन्यात सोयचे जार कुरियरने पाठवत नाही, कितीही विनवण्या केल्या तरी, ज्याला हवा त्याने माटुंगा रोडला येऊन घेऊन जावं.