मेकवॉरियर २ : स्फोट ऐकू येतात, संगीत नाही

दुरुस्तीला पेन्टियम १३३ प्रोसेसरचा जुना टॉवर संगणक आला होता. 'मेकवॉरियर २' व्यवस्थित चालतो, लेझर आणि क्षेपणास्त्रांचे आवाजही येतात, पण संगीत अजिबात नाही, एवढीच तक्रार. अवाढव्य लढाऊ रोबोच्या कॉकपिटमध्ये बसवणारा हा डॉस या जुन्या संगणक प्रणालीवरचा १९९५चा गेम जीहून ह्वांग यांच्या संगीताशिवाय खेळणं म्हणजे अर्धा गेम सोडून देणं.

स्फोट ऐकू येतात म्हणजे साउंड कार्डाचा पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ या गेमला कार्ड सापडायला लागणाऱ्या सगळ्या सेटिंग जागेवर होत्या. मिक्सरमध्ये, म्हणजे आवाजाच्या पातळ्या ठरवणाऱ्या प्रोग्राममध्ये, सीडीचा आवाज पूर्ण वाढवला, तरी शांतताच. संगीत सीडीवर साध्या गाण्यांसारख्या ऑडिओ ट्रॅकमध्ये आहे. पहिला ट्रॅक डेटाचा, दुसऱ्यापासून संगीत. गेम फक्त 'अमुक ट्रॅक वाजव' असं सांगतो. पुढे ड्राइव्ह स्वतःच आवाज तयार करून चार पिनांच्या बारीक ऑडिओ केबलने साउंड कार्डाकडे पाठवतो. प्रोसेसरचा त्यात हात नाही.

कॅबिनेट उघडलं. मूळ ड्राइव्हच्या जागी कोणीतरी नंतरचा डीव्हीडी ड्राइव्ह बसवलेला, आणि ऑडिओ केबल नुसती लोंबकळत होती. ड्राइव्हला पुढे इअरफोनचं भोकही नव्हतं. ते असतं तर बिघाड कुठे आहे हे पटकन कळलं असतं: तिथे संगीत वाजलं की डिस्क आणि ड्राइव्ह ठीक, दोष केबलचा किंवा कार्डाचा. शेवटी मागच्या ॲनालॉग जोडणीत केबल खोचली. एकाच स्पीकरमधून आवाज आला. जुन्या केबलींमध्ये डावा, उजवा आणि ग्राउंड यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. कनेक्टरमधली तार टाचणीने सोडवून योग्य खाचेत बसवली, आणि मिशन सुरू होताच दोन्हीकडून ढोल घुमले.

मग गिऱ्हाइकाने जपून ठेवलेली बॅकअप सीडी लावली. पुन्हा संगीत गायब! ती आयएसओ फाइलवरून, म्हणजे डिस्कच्या डेटाच्या एका फाइलीतल्या प्रतीवरून, बनवली होती. आयएसओत फक्त डेटा ट्रॅक येतो, दर सेक्टरला (डिस्कवरच्या एका छोट्या तुकड्याला) २०४८ बाइट. ऑडिओ सेक्टर २३५२ बाइटचा, तो त्यात मावतच नाही. अशा डिस्कची प्रत बिन (सगळे ट्रॅक असलेली) आणि क्यू (ट्रॅकची यादी असलेली) या फाइलींच्या जोडीत काढायची. मूळ डिस्कवरून तशी काढून दिली. नव्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स या जुने डॉस गेम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये imgmount या आज्ञेने ही प्रत जोडताना बिन नव्हे, क्यू फाइलचं नाव द्यायचं, कारण ट्रॅक कुठे सुरू होतात हे त्या छोट्या मजकुराच्या फाइलीतच लिहिलेलं असतं.